अंगात येणे, संमोहन आणि आपले पाचवे शील



ज्या घरात धम्मदीक्षा झाली, देव्हारा उतरवला गेला, भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लागली, त्याच घरात आषाढातल्या एखाद्या मंगळवारी सुनेच्या अंगात मरीआई येते. केस सुटतात, मान गरगर फिरू लागते, ती घुमू लागते आणि घोगऱ्या आवाजात बोलू लागते. घरातली म्हातारी माणसे घाबरून हात जोडतात. शिकलेला मुलगा संतापून म्हणतो, हे सगळे ढोंग आहे. शेजारी कुजबुजतात, देव सोडले म्हणून कोप झाला. आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी गुपचूप भगताकडे जाऊन येते.

असे घर तुम्ही पाहिले असेल. कदाचित ते तुमच्या नात्यातले असेल. अशा घरापुढे तीन प्रश्न उभे राहतात. ती बाई खोटे वागते काय? खोटे नसेल तर देवी खरी मानायची काय? आणि दोन्ही नसेल, तर आपण बौद्धांनी तिच्याशी वागावे तरी कसे? पहिले दोन प्रश्न ज्ञानाचे आहेत. तिसरा नीतीचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत अवघड आहे. परंतु पहिल्या दोहोंचे उत्तर नीट कळल्याशिवाय तिसऱ्याला हात घालता येत नाही. म्हणून आधी थोडा इतिहास पाहू.

शक्ती कोणाची?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्झ आंतोन मेस्मर (१७३४–१८१५) नावाचा डॉक्टर व्हिएन्नाहून पॅरिसला येऊन राहिला. त्याचे म्हणणे असे की, साऱ्या विश्वात एक अदृश्य चुंबकी द्रव भरलेला आहे, आणि हाताच्या हालचालींनी तो रोग्याच्या शरीरात खेळवता येतो. एका मोठ्या लाकडी पिंपाभोवती रोगी बसत, पिंपातून निघालेल्या लोखंडी कांबी दुखऱ्या अंगाला लावत. संगीत चाले. थोड्या वेळाने कोणी किंचाळे, कोणी थरथरू लागे, कोणी बेशुद्ध पडे. एकाला झाले की दुसऱ्याला होई. वाचकहो, आपल्याकडे जागरणाच्या रात्री जे पाहायला मिळते, त्याचाच हा परदेशी अवतार नव्हे काय?

१७८४ साली फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने या प्रकाराची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिच्यात अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन होते, आधुनिक रसायनशास्त्राचे जनक लाव्हाझिए होते. त्यांनी एक साधा प्रयोग केला. फ्रँकलिन यांच्या बागेतले एक झाड मेस्मरच्या शिष्याने 'भारून' ठेवले. मग बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला भलत्याच झाडांपाशी एकामागून एक नेले. भारलेले झाड दूरच राहिले, आणि तो मुलगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. समितीने निष्कर्ष काढला की द्रव वगैरे काही नाही. जे घडते ते माणसाच्या कल्पनाशक्तीने घडते.

पण 'कल्पना' म्हणून हात झटकले की प्रश्न मिटतो काय? तो मुलगा पडला हे तर खरे होते. मग त्याला पाडले कोणी? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांत आपल्या शेजारच्या गोमंतकातला एक माणूस पुढे होता. जोझे कुस्तोदियो दि फारिया, जगाला ठाऊक असलेले नाव आबे फारिया. जन्म १७५६, बार्देश तालुक्यातल्या कांदोळी गावी. लहानपणी वडिलांबरोबर ते लिस्बनला गेले, रोमला शिकून धर्मगुरू झाले, आणि पुढे फ्रान्सच्या राज्यक्रांतीच्या धामधुमीत पॅरिसला पोहोचले. १८१३ पासून तेथे ते या विद्येचे जाहीर प्रयोग करू लागले.

फारिया यांची रीत अगदी साधी होती. पिंप नाही, कांबी नाहीत. माणसाला आरामखुर्चीत बसवायचे, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचे, आणि मग मोठ्या ठाम आवाजात आज्ञा द्यायची, 'झोपा!' काहींना पहिल्याच आज्ञेला झोप लागे, काहींना दुसऱ्या-तिसऱ्या आज्ञेला, आणि काहींना मुळीच लागत नसे. पण त्यांचे खरे मोठेपण या आज्ञेत नाही, पुढच्या कबुलीत आहे. माझ्यात कसलीही विशेष शक्ती नाही, द्रव नाही, दैवी देणगी नाही, असे ते स्पष्ट सांगत. झोप लागते ती झोपणाऱ्याच्याच मनाच्या बळाने. मी फक्त निमित्त. ज्याला गुरू बनून बसता आले असते, त्याने स्वतःहून गादी नाकारली.

लोकांनी त्यांचे काय केले? १८१६ साली पॅरिसच्या रंगभूमीवर या वेडाची टर उडवणारे नाटक आले आणि फारिया यांचे हसे झाले. १८१९ साली ते गरिबीत वारले. त्याच वर्षी त्यांचा ग्रंथ छापला गेला. काही माणसांना लवकर झोप लागते याचे कारण त्यांचे रक्त पातळ असते, ही त्यांची समजूत चुकीची निघाली. पण मूळ सिद्धांत टिकला. पणजीला मांडवीच्या काठी जुन्या सचिवालयाच्या शेजारी त्यांचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ सालचा. पुढे हात पसरून उभा असलेला धर्मगुरू आणि त्याच्यापुढे कोसळत असलेली स्त्री. गोव्याला गेलात तर जरूर पाहा, आणि मुलांना सांगा की जोर त्या पसरलेल्या हातांत नाही, त्या स्त्रीच्या मनात आहे.

फारिया यांच्यानंतर मँचेस्टरचे शल्यवैद्य जेम्स ब्रेड यांनी १८४१ पासून हा विषय वैद्यकाच्या कक्षेत आणला. डोळ्यांच्या किंचित वर एखादी चकचकीत वस्तू धरून तिच्याकडे टक लावायला सांगितले की पापण्या थकतात आणि मन एका जागी खिळते, हे त्यांनी दाखवले. झोपेला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्यांनीच 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ केले. पुढे त्यांच्याच लक्षात आले की ही झोप नव्हेच. हे एकाच कल्पनेवर मन जखडले जाणे आहे. परंतु तोवर नाव पसरले होते. आपण मराठीत त्याला संमोहन म्हणतो. जुनी माणसे मोहिनी विद्या म्हणत.

आता ढोंगाचा प्रश्न. बंगालमधल्या हुगळी येथे जेम्स एस्डेल नावाच्या सरकारी शल्यवैद्याने १८४५ साली एका कैद्यावर अशा अवस्थेत शस्त्रक्रिया केली आणि पुढे अशा अनेक शस्त्रक्रिया केल्या. तेव्हा भुलीचे औषध हिंदुस्थानात आलेले नव्हते. हे सारे ढोंग असते तर सुरी टेकताच माणूस ओरडला असता. आजही प्रशिक्षित डॉक्टर दुखणे कमी करण्यासाठी, बाळंतपणाच्या वेळी, मनातली भीती घालवण्यासाठी संमोहनाचा उपयोग करतात. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ साली आणि अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेने १९५८ साली त्याला मान्यता दिली होती. म्हणजे अवस्था खरी आहे. खोटा आहे तो तिचा लावलेला अर्थ.

घरी करून पाहा

यावर विश्वास ठेवा असे मी म्हणत नाही. स्वतः करून पाहा. आपल्या निजामपुऱ्यात सुताला तोटा नाही. हातभर दोरा घ्या, त्याला अंगठी बांधा, कोपर टेबलावर टेका आणि दोरा चिमटीत धरा. हात अजिबात हलवू नका. फक्त मनात म्हणा, अंगठी पुढे-मागे झुलते आहे. थोड्या वेळात ती झुलू लागेल. मग मनात म्हणा, आता गोल फिरते आहे. ती गोल फिरू लागेल. मी वर्गात हा प्रयोग करतो तेव्हा मुले शपथेवर सांगतात, 'सर, आम्ही नाही हलवली!' ती खोटे बोलत नसतात. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ साली याचा उलगडा केला. मनात हालचालीची कल्पना धरली की स्नायू अगदी सूक्ष्म हलतात, आणि हलवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. डोळे बांधले की अंगठी थांबते.

या एवढ्याशा अंगठीत सारे गुपित आहे. हात आपलाच, हलवणारे आपणच, पण वाटते मात्र की दुसरेच कोणी हलवते आहे. चिमटीऐवजी सारे शरीर धरा, आणि अंगठीऐवजी मान. म्हणजे 'वारं आले' याचा अर्थ कळेल.

आता तंद्री लागते कशी, त्याच्या पायऱ्या पाहा. पहिली, मन एका जागी खिळवणे: डॉक्टरच्या खोलीत ती चकचकीत वस्तू किंवा संथ आवाज; आपल्याकडे दिव्याची ज्योत, देवीचा मुखवटा, हलगीचा ठेका. दुसरी, शरीर थकवणे आणि बदलवणे: उपास, जागरण, उदाचा धूर, आणि भराभर घेतलेले श्वास. श्वास फार वेगाने घेतले की हातपाय मुंग्या आल्यासारखे होतात आणि डोके हलके होते, हे शरीराचे साधे शास्त्र आहे. पण ज्याला ते ठाऊक नाही त्याला वाटते, आली! तिसरी पायरी अपेक्षेची. लहानपणापासून तिने आत्याला, आजीला घुमताना पाहिलेले असते. काय करायचे हे तिला न शिकवता पाठ असते. चौथी, लहान-लहान आज्ञा: डोळे मीट, हात सैल सोड, आता हात जड झाला. एक मानली की दुसरी मानणे सोपे जाते. देवळात हेच काम प्रश्न करतात: 'कोण आलीस? कुठली आहेस? काय पाहिजे तुला?' प्रत्येक प्रश्नात उत्तर दडलेले असते. पाचवी पायरी गर्दीची: सभोवती सगळे मानतात, मग एकट्याने न मानणे कठीण.

हे सर्वांना सारखे होत नाही. काही थोडी माणसे चटकन तंद्रीत जातात, काही थोडी कधीच जात नाहीत, बाकीची मधे कुठेतरी असतात. त्यात बुद्धी कमी असण्याचा किंवा चारित्र्य दुबळे असण्याचा संबंध नाही. आणि थोडीफार तंद्री तर आपल्या रोजच्या जगण्यात असते. यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराला विचारा. धोट्याचा एकसुरी खडखडाट, डोळ्यांपुढून सरकणारा ताणा; हात काम करीत असतात आणि मन गावाला गेलेले असते. पण तार तुटली की तो जागा होतो, माग थांबवतो, गाठ मारतो. तार तुटल्याचे कळणे, हे भान ज्याच्यापाशी शाबूत आहे त्याला भीती नाही.

तिच्या तोंडून कोण बोलते?

तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर असे. ती खोटे वागत नाही, आणि देवीही आलेली नाही. बोलते ती तीच. पण तिला वाटते आपण नाही.

मग ती बोलते काय, इकडे आपण कधी लक्ष दिले आहे काय? माझ्या माहितीतल्या एका घरची गोष्ट सांगतो. सून भिवंडीच्या एका गोदामात पॅकिंगचे काम करीत असे. पगार हाती आला की नवरा काढून घेई. माहेरी जायला बंदी. एरवी तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. अंगात आले की सासू तिच्या पाया पडे, आणि देवी काय मागे? कोंबडे नव्हे, नारळ नव्हे. देवी म्हणे, 'हिला माहेरी पाठवा. हिच्या पैशाला हात लावाल तर बघा.' बंधूंनो, देवीला तिच्या पगाराची काळजी कुठून असणार? जागेपणी जे बोलले असता मार पडला असता, तेच तंद्रीत बोलले की घर हात जोडून ऐकत होते. वर्षातून एक रात्र तिला माणूस म्हणून ऐकले जाई, तेही ती स्वतः नसल्याचे मान्य केल्यावर.

येथे आपल्या समतेचा कस लागतो. मुलाने 'ढोंग' म्हणून तिला हिणवले, भगताने 'देवी' म्हणून तिला पुजले. दोघांनीही तिचे म्हणणे ऐकले नाही. आपण दीक्षा घेतली आणि तिचे घुमणे बंद पाडले, पण पगार नवऱ्याच्याच खिशात राहिला, तर आपण तिचा एकुलता एक आवाजही बंद केला, असेच म्हणावे लागेल. धम्माने देवी काढून घेतली असेल, तर त्या जागी जागेपणी बोलण्याचा हक्क दिला पाहिजे. नाहीतर ते धर्मांतर तसबिरीपुरते उरेल.

बाबासाहेबांना याची पुरती जाणीव होती. १९३६ च्या जूनमध्ये धर्मांतराच्या घोषणेला पाठिंबा देण्यासाठी मुंबईत परळला देवदासी, पोतराज, भुते, आराधी आणि जोगतिणी यांची सभा भरली होती. म्हणजे अंगात येण्यावर आणि अंगावर कोरडे ओढून घेण्यावर ज्यांचे पोट चालत होते, अशी ती माणसे. बाबासाहेबांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली नाही, त्यांना ढोंगी म्हणून हाकलले नाही. माणुसकीला कमीपणा आणणारे जिणे सोडून इतरांच्या बरोबरीने उभे राहण्याची वाट त्यांना दाखवली.

तथागतांनी काय म्हटले?

काहीजण विचारतील, बुद्धाच्या काळी हे प्रकार नव्हते काय? होते, आणि तथागतांनी त्यांची नावे घेतली आहेत. दीघनिकायातले पहिलेच सुत्त ब्रह्मजाल. त्यात भिक्खूने ज्यावर पोट भरू नये अशा हीन विद्यांची लांबलचक यादी आहे. आरशात पाहून प्रश्नांची उत्तरे देणे, देवाला कौल लावणे, आणि एखाद्या कुमारिकेच्या तोंडून, तिच्यात देवाचा संचार झाला असे मानून, उत्तरे मिळवणे, हे सारे त्या यादीत आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीही मुलींनाच पुढे बसवले जात होते, हे लक्षात घ्या.

त्याच निकायातल्या केवट्ट सुत्तात नालंदेचा एक गृहस्थ तथागतांना विनंती करतो की, भिक्खूंना चमत्कार करून दाखवायला सांगा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. तथागत नकार देतात. त्यांचे कारण फार मोलाचे आहे. श्रद्धा नसलेला माणूस म्हणेल की ही तर अमुक एक मंत्रविद्या आहे. मग उपयोग काय झाला? खरा चमत्कार एकच, उपदेशाचा: असा विचार करा, असा करू नका, हे सोडा, हे धरा, असे सांगणे आणि ऐकणाऱ्याने ते समजून आचरणे. भारद्वाज नावाच्या भिक्खूने चंदनाच्या पात्रासाठी लोकांपुढे ऋद्धी दाखवली, तेव्हा तथागतांनी त्याची कानउघाडणी केली आणि ते पात्र फोडून त्याची पूड करायला लावली, असे विनयपिटकात सांगितले आहे.

आता पाचव्या शिलाकडे येऊ. हे शील आपण रोज म्हणतो आणि त्याचा अर्थ 'दारू पिऊ नये' एवढाच घेतो. परंतु त्यात दारूचे नाव घेऊन थांबलेले नाही. तिच्यावरचा ठपकाही सांगितला आहे. ती प्रमादाचे स्थान आहे. प्रमाद म्हणजे भान सुटणे. दोष बाटलीत नाही, भान सुटण्यात आहे. महापरिनिर्वाणाच्या वेळी भिक्खूंना केलेल्या शेवटच्या उपदेशातही तथागतांनी अप्रमादावरच जोर दिला. मग प्रश्न असा येतो की, जेथे बाटली नाही पण भान जाणूनबुजून सोडून दिले जाते, ते प्रमादाचे स्थान नव्हे काय? मला तर ते तसेच वाटते. घोट घेऊन शुद्ध हरवली काय आणि हलगीच्या ठेक्यावर हरवली काय, त्या अवस्थेत जे होईल त्याला आपण जबाबदार नाही असे म्हणण्याची सोय दोहोंत सारखीच.

यावर एक रास्त शंका निघेल. मग डॉक्टरकडे संमोहन करून घेणेही शील मोडणे काय? नाही. औषधातला अल्कोहोल आणि गुत्त्यातली दारू यांत जो फरक आहे तोच येथे आहे. डॉक्टर आधी सांगतो मी काय करणार. तुमची संमती घेतो. वेळ ठरलेली असते. हेतू तुमचे दुखणे हा असतो. आणि तुम्ही 'नको' म्हटले की तो थांबतो. भगत यांपैकी काय करतो? तो भीती घालतो, कारण सांगत नाही, आणि तुम्ही बरे झालात तर त्याचे गिऱ्हाईक जाते. भान थोडा वेळ विश्वासाने कोणाच्या हाती देणे वेगळे, आणि भीतीपोटी कायमचे हवाली करणे वेगळे.

दुसरी शंका ध्यानाबद्दल. डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवायचे, हीसुद्धा तंद्रीच नव्हे काय? सुरुवात सारखी दिसते हे मी नाकारणार नाही; दोन्हीकडे मन एका जागी आणावे लागते. पण तेथून वाटा फुटतात. तंद्रीत आज्ञा दुसऱ्याची असते आणि आपण काय करतो ते आपल्याला कळत नाही. स्मृतीच्या साधनेत आज्ञा कोणाचीच नसते. श्वास लांब असेल तर लांब आहे असे जाणायचे, राग आला तर राग आला आहे असे जाणायचे. सिद्धार्थ गौतमांनी आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्यापाशी समाधीच्या अगदी खोल अवस्था साध्य केल्या, आणि त्यांनी दुःखाचा उलगडा होत नाही हे पाहून ते दोघांनाही सोडून निघाले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा भाग मुद्दाम दिला आहे. खोल गुंगी हेच ध्येय असते तर बुद्ध तेथेच थांबले असते.

गर्दीचे घुमणे

बंधूंनो, एकट्या बाईचे घुमणे आपल्याला दिसते. गर्दीचे घुमणे दिसत नाही, कारण तेव्हा आपण तिच्यात असतो. आपल्या या भिवंडीने १९७० च्या मे महिन्यात आणि पुन्हा १९८४ च्या मे महिन्यात दंगली पाहिल्या. एरवी ज्यांच्याशी रोजचा व्यवहार, त्यांच्याच घरांना माणसे आगी लावू शकली. घोषणा, अफवा, कानोकानी आलेला एकच शब्द. मन एका कल्पनेवर जखडले जाण्याच्या साऱ्या पायऱ्या तेथेही असतात. अशा वेळी जो हात उचलतो तो मागाहून म्हणतो, मला कळलेच नाही मी काय करतो आहे. धम्म हा बहाणा मान्य करीत नाही. कर्म म्हणजे चेतना, हे खरे; भान नसताना केलेल्याचा हिशोब वेगळा, हेही खरे. पण भान सोडण्याच्या आधी एक घटका अशी असते की जेव्हा माणूस अजून जागा असतो, आणि गर्दीत शिरायचे की घरी जायचे हे त्याला ठरवता येते. त्या घटकेची जबाबदारी त्याचीच.

ही गोष्ट इतरांना सांगताना स्वतःकडेही पाहू. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत कानठळ्या बसवणाऱ्या डीजेपुढे बेभान होऊन नाचणारी आपली मुले, हे घुमणेच नव्हे काय? अंगात मरीआई आली नाही, एवढाच फरक. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, धर्मात भक्तीने आत्म्याला मोक्ष मिळत असेल, पण राजकारणात व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा देताना त्यांनी स्वतःलाही वगळले नव्हते. ज्यांनी आपल्याला जागे केले, त्यांच्याच नावाने डोळे मिटणे हा त्यांचा मान नव्हे.

आपण काय करावे?

शेवटी कामाच्या चार गोष्टी.

घरात कोणाच्या अंगात आले तर हलगी, धूप आणि गर्दी प्रथम दूर करा. हात जोडू नका आणि हातही उचलू नका. 'कोण आहेस?' असे विचारू नका; तो प्रश्नच तंद्री वाढवतो. तिला बसवा, तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारा, श्वास सावकाश घ्यायला सांगा. अवस्था आपोआप उतरते. मग, त्या दिवशी नव्हे, दोन दिवसांनी, शांतपणे विचारा की तुझे म्हणणे काय आहे. आणि जे ती सांगेल त्यावर घर म्हणून काही करा.

वारंवार होत असेल, दात लागत असतील, जीभ चावली जात असेल, अंथरूण ओले होत असेल, तर ते फेफरे असू शकते. त्याला औषध आहे. मन खचल्याची खूण असेल तर त्यालाही औषध आहे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्यापासून दूर नाही. आणि २०२२ साली सुरू झालेल्या सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

भगताने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधले, मारले, मिरचीचा धूर दिला, किंवा अंगात शक्ती आहे असे सांगून धाक घातला, तर तो महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले; २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. एका माणसाच्या प्राणाची किंमत देऊन मिळालेला हा कायदा कपाटात ठेवू नका. पोलीस ठाण्यात जा, सोबत चार माणसे घेऊन जा.

आणि चौथी गोष्ट. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की पाचवे शील म्हणताना क्षणभर थांबा आणि आपल्या घरापुरता एक प्रश्न स्वतःला विचारा: गेल्या महिन्यात मी माझे भान कोणाच्या हवाली केले होते? बाटलीच्या, भगताच्या, पुढाऱ्याच्या, की गर्दीच्या? आणि माझ्या घरात असे कोण आहे, ज्याला जागेपणी बोलण्याची सोय मी ठेवलेली नाही? उत्तर कोणाला सांगू नका. पण पुढच्या पौर्णिमेपर्यंत त्यातले एक तरी बदला.

नमो बुद्धाय. जयभीम.